इंदूकाकी आणि हातातला सोंगाड्या

इंदूकाकीने वास न घेता काही विकत घेतलं, असं मला आठवत नाही. माशांचं मी म्हणत नाही. जन्मभर मासे विकणाऱ्या बाईला माशाचा वास घ्यावाच लागत नाही, तोच लांबून येऊन सगळं सांगून जातो. मी म्हणते ते प्रेशर कुकर, छत्री, टॉर्च आणि टेबलफॅन यांच्याबद्दल. भांड्यांच्या दुकानात ती कुकरचं झाकण काढून आत नाक घालायची, आणि दुकानदार चेहऱ्यावर गिऱ्हाइकासाठीचं हसू तसंच ठेवून पंख्याकडे बघायचा. एकदा घरी नेलेला मिक्सर तिने दुसऱ्या दिवशी परत आणला. तो चालत होता, आवाज करत नव्हता, चटणी बारीक वाटत होता. काय बिघडलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझ्या नाकाक पटणा नाय." यावर दुकानदाराने वाद घातला नाही. काकीच्या नाकाशी वाद घालून जिंकलेला माणूस मालवणच्या बाजारात नव्हता.

माझं तेव्हा मालवणात भरड नाक्यावर सायबर कॅफे होतं. कॅफे फक्त पाटीवर. आत चार कॉम्प्युटर, एक लंगडं टेबल आणि येऊनजाऊन असणारी वीज. एका दुपारी बाजार उठल्यावर काकी आली, रिकामी टोपली पायरीवर ठेवली, पदराला हात पुसले, पहिल्याच टेबलावरचा माउस उचलून हुंगला आणि खाली ठेवत म्हणाली, "बरो आसा. गो बाय, ह्येच्यात आमचो कोंबो गावतलो काय?"

बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र ती काय म्हणते ते बरोबर कळलं. काकी आमची शेजारीण. दांडीच्या किनाऱ्यावर तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये माडांची एक रांग आणि वाळत घातलेलं जाळं, एवढंच अंतर. आमच्या वाडीत तो कोंबडा माहीत नसलेलं माणूस नव्हतं.

त्याचं असं झालं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि काकीचा नवरा, भिवाकाका, तेव्हा स्वतःची होडी चालवायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की होडी झावळ्यांखाली किनाऱ्यावर, आणि ही दोघं घरात. अशाच एका पावसाळ्याच्या तोंडावर भिवाकाका गोव्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. एक पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. त्या कॅसेटीत रणगाड्यांचा एक खेळ होता. पडद्याच्या तळाशी विटांच्या कोटात एक पक्षी बसलेला असायचा, वरून शत्रूचे रणगाडे यायचे, आणि आपण आपला रणगाडा फिरवून त्यांना उडवायचं. पक्षी मेला की खेळ संपला. खेळ बनवणाऱ्याच्या मनात तो बहुधा गरुड असावा. इंदूकाकीने पहिल्याच दिवशी तो कोंबडा ठरवला आणि मग तो कोंबडाच झाला.

पिवळा रणगाडा काकीचा, हिरवा काकाचा. काकी बाजारात जशी तशीच खेळात. सरळ पुढे घुसायची, वाटेत येईल त्याला उडवायची, भिंती फोडायची, कधीकधी स्वतःच्याच. भिवाकाका शांत माणूस. तो कोटापाशी उभा राहून येणाऱ्याला टिपायचा. काकी वरच्या कोपऱ्यातून हुकूम सोडायची, "कोंबो सांभाळ." आणि मग थोड्या वेळाने साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं, "कोंबो गेलो." सुरुवातीला हे ऐकून पलीकडच्या घरातली म्हातारी भर पावसात बाहेर यायची आणि आपल्या खुराड्यातली कोंबडी मोजायची. पुढे तीही खिडकीत बसून खेळ बघायला लागली.

तो खेळ काही त्यांचा कधी पुरा झाला नाही. वाईट खेळायचे म्हणून नव्हे. पावसाळ्यात आमच्याकडची वीज जायची, आणि त्या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. तुम्ही कितीही टप्पे पार करा, वीज गेली की परत पहिल्यापासून. वरचे टप्पे दिसायला लागले, काकी मांडी घालून पुढे सरकली, की हमखास पडदा काळा व्हायचा. मग काका कंदील लावायचा आणि दोघं शेवटी काय असेल यावर बोलत बसायची. काकाच्या मते शेवटी राजवाडा होता. काकी म्हणायची, कोंबो उडून जातलो. हा वाद त्यांनी बरेच पावसाळे चालवला.

मग खाऱ्या हवेने त्या यंत्राचा जीव घेतला. कट्टा गावच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने ते उघडलं तर आत हिरवी भुकटी झाली होती. दुसरं आणावं म्हटलं, तर तसले खेळ दुकानांतून गेलेच होते. त्याच सुमाराला भिवाकाकाच्या होडीचं इंजिनही थकलं. त्याने होडी विकली आणि एका मालकाच्या ट्रॉलरवर तांडेल म्हणून लागला. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, बोट कुठे न्यायची आणि जाळं कधी टाकायचं ते ठरवणारा. मान मोठा होता. पण होडी संध्याकाळी जाऊन सकाळी परत यायची, ट्रॉलर आठवडा-आठवडा बाहेर राहायचा. किनाऱ्याला लागला की मासळी उतरवायची, बर्फ आणि डिझेल भरायचं, आणि एखादी रात्र घरी काढून परत निघायचं.

हे सगळं मला माहीत होतं, तरी त्या दुपारी मी काही जोडून बघितलं नाही. काकी म्हणाली, "टीव्हीचो नको. हातातलो व्हयो. आनी कोंबो तोच व्हयो." मला वाटलं, बाजारात गिऱ्हाईक नसताना वेळ घालवायला हवा असेल. सगळ्या मासळीबाजाराला तसंच वाटलं. तिच्या शेजारी बसणारी शेवंती विचारायची की आता बांगडे विकणार की कोंबडे. भिवाकाकाची बहीण तर घरी येऊन सांगून गेली की वयाचं काहीतरी भान ठेव, नवरा समुद्रावर राबतो आणि तू खेळणी कसली शोधतेस. काकीने तिला कोळंबीचं सुकं खायला घातलं आणि वाटेला लावलं. उत्तर दिलं नाही. भांडणात मागे हटणारी बाई नव्हती ती, त्यामुळे तिचं गप्प राहणं मला जरा विचित्र वाटलं होतं.

मी इंटरनेटवर शोधायला लागले आणि चकित झाले. जुने खेळ खेळण्यासाठी हातात मावणारं यंत्र कुठलं घ्यावं, या एका प्रश्नावर देशोदेशीची मोठी माणसं पानंच्या पानं भांडत होती. एकाला पडदा मोठा हवा, दुसऱ्याला बटणं मऊ हवीत, तिसरा बॅटरीवरून चौथ्याचा पाणउतारा करत होता. मी ते काकीला मराठीत सांगायची. ती टोपलीवर हात ठेवून ऐकायची आणि निकाल द्यायची. "ह्यो शाणो आसा." "ह्यो कधी खेळाकच नाय, नुसतो बोलता." त्यातल्या एकाने आपल्या नावापुढे ड्रॅगनचं चित्र लावलं होतं. तो कुठल्या देशाचा ते कळायला मार्ग नव्हता, पण काकीला त्याची मतं पटायची. पुढेपुढे ती दारातूनच विचारायची, "ड्रॅगनवालो आज काय म्हणता?"

या यंत्रांत जुना खेळ येतो कसा, ते मला तिला समजावून सांगावं लागलं. त्याला इम्युलेटर म्हणतात, नव्या यंत्राला जुन्या यंत्रासारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम. पहिल्यांदा सांगितलं ते तिला कळलं नाही. मग मी म्हटलं, आपल्या वाडीतला गणपत दिवसा शेतात असतो आणि रात्री दशावताराच्या नाटकात राजा होतो, तसं. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे सोंगाड्यो," ती म्हणाली. त्या दिवसापासून इम्युलेटर हा शब्द आमच्यात मेला. सोंगाड्यो बरो की वाईट, एवढंच बघायचं राहिलं.

पहिलं यंत्र आलं ते मस्कतहून. तिचा पुतण्या सुट्टीवर येताना घेऊन आला. काळंभोर, चकचकीत, मोठ्या पडद्याचं, बघूनच हात धुवावेसे वाटावेत असं. पुतण्याने स्वतःच त्यात खेळ घालून आणला होता. काकीने ते हुंगलं, मान हलवली, म्हणजे नाकाला पटलं. मग ती उठून उन्हात गेली. अंगणात उभी राहून तिने ते डोळ्यांसमोर धरलं, खाली धरलं, तिरकं धरलं. "ह्येच्यात माझाच तोंड दिसता," ती म्हणाली. पुतण्या म्हणाला, काकी, सावलीत खेळायचं. तिने ते त्याच्या हातात परत दिलं आणि त्याला जेवायला बसवलं. उन्हात कशाला खेळायचं ते तिने त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. ते यंत्र त्याने मालवणच्या कोणालातरी विकलं म्हणे.

दुसऱ्यासाठी आम्ही दोघी म्हापशाला गेलो. शुक्रवारच्या बाजारात एका दुकानात हातातले खेळ टांगलेले होते, लाल, निळे, पोपटी, आणि प्रत्येकावर आत हजार खेळ असल्याचं छापलेलं. काकीने दुकानदाराला स्टूल मागितलं आणि बसली. तो आधी खूश झाला. तिने एक खेळ उघडला, बघितला, बंद केला. दुसरा उघडला. तिसरा. दुकानात गर्दी वाढली तरी ती उठेना. बऱ्याच वेळाने तिने मला जवळ बोलावून दाखवलं की थोडेच खेळ आहेत, नावं आणि रंग बदलून तेच पुन्हापुन्हा घातलेत. मग दुकानदाराला शांतपणे म्हणाली, "एकच बांगडो धा टोपल्यांत घालून इकतंस काय रे?" तो म्हणाला, बाई, आत्तापर्यंत कोणी एवढं बघितलं नव्हतं. रणगाड्यांचा खेळ त्यात होता, पण तो सुरू होताना वाजतं ते संगीत ऐकून काकीने कपाळाला हात लावला. ते सूर तिला तोंडपाठ होते. मासे तळताना ती तेच गुणगुणायची. तिने भर दुकानात ते म्हणून दाखवलं आणि यंत्राचा सूर कुठे घसरतो ते सांगितलं. सोंगाड्यो नापास झाला. येताना मात्र तिने म्हापशाचे चणे घेतले, तेही वास घेऊन.

तिसऱ्या खेपेला तिने मला घरी बोलावलं. माझ्या ओळखीच्या एकाने कोल्हापूरहून एक यंत्र बघायला पाठवलं होतं. त्याचा पडदा उन्हात दिसत होता, सूरही बरोबर होता. मला वाटलं, जमलं. काकीने चुलीपाशी ठेवलेली एक जाड पारदर्शक पिशवी आणली, यंत्र तिच्यात घातलं, मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशवीचं तोंड वितळवून बंद केलं आणि वरून बटणं दाबायला लागली. त्या यंत्राला दिशा देण्यासाठी बारीक गोल दांडी होती. पिशवीतून अंगठा तिच्यावर ठरेना. रणगाडा भिंतीला धडकून तिथेच फिरत राहिला आणि कोंबडा गेला.

मी विचारलं, काकी, पिशवी कशाला. घरात पाणी कुठे उडतंय.

ती पिशवीची कड सुरीने कापत होती. वर न बघता म्हणाली, "माका कित्याक व्हयो गो? तो बोटीर आसता. थंय खारा पाणी, ऊन, आनी बोलाक कोण नाय. पोरा आपापल्या मोबायलात. ह्यो आठ दिवस नुसतो दर्यो बघता."

मग मला तिची सगळी तपासणी कळली. ऊन, पिशवी, सगळंच. चार्जिंगवर चालणारं यंत्र तिने आधीच नको म्हटलं होतं, पेन्सिल सेलवर चालणारंच हवं म्हणून ती अडून बसली होती, तेही त्यासाठीच. मोठी बटणं हवीत, कारण भिवाकाकाचे अंगठे दोराने आणि गळांनी फाटून घट्टे पडलेले होते. मी म्हटलं, हे आधी सांगितलं असतंस तर बाजारात कोणी तुला हसलं नसतं. त्यावर ती म्हणाली की तिला हसले तर हसू देत, पण तांडेल बोटीवर खेळतो असं आधीच पसरलं, तर तो लाजेने हात लावायचा नाही.

त्यानंतर मी पेटून शोधायला लागले. ड्रॅगनवाल्याने एका जुन्या, जरा ओबडधोबड यंत्राची शिफारस केली होती. पेन्सिल सेल, निस्तेज पण उन्हात दिसणारा पडदा, आणि फुलीच्या आकाराचं वर आलेलं बटण. ते मुंबईत एका दुकानात मिळालं, आणि माझ्या भावाने खासगी बसने पाठवलं. मी खेळ घातला, सूर तपासला, वेग तपासला, आणि धावत काकीकडे नेलं.

तिने हुंगलं आणि पाटावर ठेवून दिलं. "ह्येका फिनेल लायलो आसा. काय तरी लपयतत."

बसच्या डिकीत शेजारी फिनेलचा कॅन फुटला होता, हे मी शपथेवर सांगितलं. उपयोग झाला नाही. मासळीबाजारात सुगंधी वस्तूवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि काकीचा तर तो धर्मच होता. तिच्या नाकाने पहिल्यांदाच चूक केली होती आणि ती मान्य करायला ना नाक तयार होतं ना काकी. शेवटी मी ते यंत्र घरी आणून माझ्या आईच्या जुन्या साडीत गुंडाळलं आणि काही दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. मग परत नेलं. काकीने हुंगलं. "आता ह्यो बरो आसा," ती म्हणाली. "त्या दिवशीचो कसलो हाडलेलंस?"

त्या दिवशी आणलं होतं तेही हेच, असं मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

ऊन झालं. पिशवी झाली. पिशवीवरून ओल्या अंगठ्याने खेळून झालं. काकीने भराभर रणगाडे उडवले, एकदाही चुकली नाही, आणि मग तिने यंत्र मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी झाकलं. "गावलो," एवढंच म्हणाली.

आता एकच गोष्ट तिला शिकवायची होती. या सोंगाड्याला जुन्या यंत्राकडे नसलेली स्मरणशक्ती होती. खेळता खेळता हवं तिथे थांबा, एक बटण दाबा, आणि नंतर बरोबर तिथूनच पुढे चालू करा. मी दोनदा करून दाखवलं. काकीने ते बटण स्वतः दाबून बघितलं. इतके पावसाळे वीज जाऊन परत पहिल्यापासून सुरू केलेली बाई ती. मग म्हणाली, "म्हणजे नांगर टाकूचो." आणि तिथून तो शब्द ठरला. थांबवायचं म्हणजे नांगर टाकायचा, चालू करायचं म्हणजे नांगर उचलायचा.

भिवाकाकाने पहिल्यांदा ते पिशवीत बंद केलेलं यंत्र बघितलं तेव्हा तो हसला आणि बाजूला ठेवलं. तरी तिने ते त्याच्या कपड्यांच्या पिशवीत घातलं. ट्रॉलर परत आला तेव्हा धक्क्यावर मीही होते. काका उतरला, मासळीच्या क्रेट उतरवून घेतल्या, आणि मग खिशातून यंत्र काढून काकीच्या हातात देत म्हणाला की अमक्या टप्प्यावर नांगर टाकलाय, पुढे जमेना. काकीने तिथल्या तिथे बर्फाच्या पेटीवर बसून तो टप्पा पार केला.

तेव्हापासून तो त्यांचा रिवाज झाला. आठवडाभर काका समुद्रावर खेळायचा आणि जिथे अडेल तिथे नांगर टाकायचा. घरी आला की यंत्र काकीकडे. तो झोपलेला असताना ती अवघड जागा फोडून ठेवायची आणि निघताना त्याच्या पिशवीत घालायची. दोन रिमोटांचा खेळ त्यांनी एका यंत्रावर असा चालवला. एकाने सोडला तिथून दुसऱ्याने धरायचा. बोटीवरच्या पोरांनी आधी तांडेलाची थट्टा केली, मग तीच पाठीमागे उभी राहून सल्ले द्यायला लागली.

एक मोसम संपत आला. पावसाळ्याआधीची शेवटची फेरी करून ट्रॉलर परत आला त्या दुपारी धक्क्यावर मोठा लिलाव चालू होता. पापलेटांचा ढीग पडला होता, काकी सगळ्यांत पुढे उभी होती आणि आवाज चढवून बोली लावत होती. भिवाकाका गर्दीतून तिच्यापाशी आला. त्याने फक्त यंत्र पुढे केलं आणि म्हणाला, "शेवटचो आसा. मी हात लावक नाय."

तो त्या टप्प्यावर दोन दिवसांपूर्वी पोचला होता. एवढ्या वर्षांत दोघांनी न बघितलेली जागा. तरी तो न खेळता तसाच परत आला होता.

काकीने हातातली बोली सोडली. तिच्या तोंडून अर्धवट निघालेला आकडा शेवंतीने पुरा केला आणि ढीग नेला. काकीला त्याचं काहीच नव्हतं. तिने नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि उलट्या क्रेटवर बसली. काका तिच्या मागे उभा राहिला. बोटीवरची पोरं जमली, मग बर्फवाला, मग ज्यांची बोली लागली होती त्या बायका. लिलाव पुकारणाराही थोडा वेळ थांबला.

काकी नेहमीसारखी घुसली. निम्मे रणगाडे पटापट गेले. मग वरून एक जाड, लवकर न मरणारा आला आणि त्याने कोटाच्या विटा फोडल्या. कोंबडा उघडा पडला. काकीचा रणगाडा पार वरच्या कोपऱ्यात होता. काका खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "इंदू, परत ये. मधल्या वाटेन ये."

काकी जन्मात कधी कोटाकडे परत आलेली नव्हती. तिने रणगाडा वळवला. मधल्या वाटेने खाली आली, कोंबड्याच्या आणि त्या जाडाच्या मध्ये उभी राहिली, आणि काका सांगेल तेव्हा गोळी सोडत राहिली. शेवटचा रणगाडा फुटला तेव्हा धक्क्यावर असा आवाज उठला की दोन बोटींपलीकडचे लोक काय सापडलं म्हणून धावत आले.

आणि मग शेवटी काय आहे ते दिसलं. राजवाडा नव्हता. कोंबडा उडूनही गेला नाही. पडदा करडा झाला, तेच ओळखीचे सूर वाजले आणि पहिला टप्पा परत सुरू झाला.

मला वाईट वाटलं, इतकी वर्षं थांबून हेच. पण काकी आणि काका एकमेकांकडे बघून हसायला लागली, आणि थांबेनातच. "संपणाच नाय ता," काकी डोळे पुसत म्हणाली. "बरा झाला." त्या संध्याकाळी तिने वाडीत सगळ्यांना सोलकढी आणि तळलेले पापलेट खायला घातले. पापलेट तिने शेवंतीकडूनच विकत घेतले आणि शेवंतीने ते काही स्वस्त दिले नाहीत.

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला आणि बोटी पुन्हा पाण्यात गेल्या. काका निघायच्या दुपारी मी काकीकडे गेले तर ती ओटीवर बसून यंत्राशी झटत होती. काका आत सामान बांधत होता. अवघड टप्पा होता, तिने तो जवळजवळ पुरा केला. एकच रणगाडा उरला होता, तोही सगळ्यात साधा, एका गोळीत जाणारा. काकी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, त्याला वळसा घातला आणि नांगर टाकला.

मी म्हटलं, काकी, तो एकच राहिला होता, मारायचा ना.

ती यंत्र पिशवीत बंद करत होती. "तो दमून जाता," ती आतल्या खोलीकडे मान करून हळूच म्हणाली. "पयल्या दिवशी तेका माशे गावतत, नाय गावणत. नांगर उचलल्यार एक तरी सरळ गावूक व्हयो. दर खेपेक सोडतंय मी एक. तेका ठावूक नाय हा, तू सांगा नको."

मी सांगितलं नाही. पण धक्क्यापर्यंत मी काकाबरोबर चालत गेले, काकी मागून जेवणाचा डबा घेऊन येत होती, आणि न राहवून मी विचारलं की बोटीवर गेल्या गेल्या खेळायला बसता का.

भिवाकाकाने सामानाची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "ती एक सोडता माझ्यासाठी. तिका वाटता, माका समजणा नाय." त्याने मागे बघितलं, काकी अजून लांब होती. "तो मी लगेच मारणंय नाय. किनारो दिसता तवसर ठेवतंय. दिसाचो बंद झालो की मगे मारतंय."